‘आकडी’ म्हणायचं होतं

त्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आधीच सांगून टाकते. हा मजकूर शेवटी गोड होईल या आशेने कुणी वाचायला घेऊ नये. त्यांचं नाव मी लिहीत नाही, इस्पितळाचंही नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की लोक नावाबद्दल बोलत बसतात आणि करणी बाजूला राहते, हे मला पत्रकं लिहून लिहून कळलं आहे.

माझी भाची तेव्हा चौथ्या वर्षात होती. थोरल्या भावाची मुलगी. ताप चढला की तिला आकडी यायची. आधी डोळे एका कोपऱ्यात जाऊन अडकायचे, मग ओठ निळे पडायचे, मग सगळं अंग तारेसारखं ताठ व्हायचं आणि हातपाय झटके द्यायला लागायचे. लालबागच्या आमच्या चाळीत अशा वेळी दार लावून घेणं शक्यच नव्हतं. अख्खा मजला आत शिरायचा. कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल, कुणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबायचं. एकदा समोरच्या खोलीतल्या काकूंनी दातखीळ सोडवायला चमचा घातला आणि चमच्याबरोबर दुधाचा दात बाहेर आला. त्या दिवसापासून मी दारात उभी राहू लागले. “कांदा घरी न्या आणि भाजी करा,” असं मी चाळीतल्या वडीलधाऱ्यांना म्हणाले. त्यावरून आईने मला भरपूर ऐकवलं.

आकडी उतरली की पोर मेल्यासारखी झोपायची. जाग आली की रागाने आमच्याकडे बघायची आणि विचारायची, “माका कोणी मारल्यान?”

दर वेळी हाच प्रश्न. अंग ठणकत असणार, दुसरं काय! वहिनी तिला छातीशी धरून म्हणायची, “कोणी नाय गो बाय, कोणी नाय.”

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. म्हणजे घरचे तसं म्हणत. खरं तर मी घरात टिकतच नव्हते. मराठी राज्याची चळवळ भरात होती आणि आमच्या विभागाच्या कचेरीसाठी मी पत्रकं लिहायचे. कचेरी सांभाळायचे एक शाळामास्तर. माझ्या मजकुरातली विशेषणं खोडून ते म्हणायचे, “बाई गं, शिवी दिलीस की माणूस सुटतो. तो काय करणार आहे ते छाप. मग तो अडकतो.” मला ते पटत नसे. मला शिव्या आवडायच्या.

त्या पावसाळ्यात पोरीला गोवर निघाला, ताप उतरेना, आणि आकडी एकदा येऊन न थांबता पुन्हा पुन्हा येऊ लागली. भावाला गिरणीतून बोलावून घेतलं. ट्रामने जायचं ठरलं होतं, पण गल्लीच्या तोंडाशीच तिचे डोळे फिरले तेव्हा एका टॅक्सीवाल्याने आपणहून गाडी थांबवली. निघताना समोरच्या काकूंनी वहिनीला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलाचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे इस्पितळाच्या बाबतीत चाळीत त्यांचा शब्द मोठा.

“हे बघ, तिकडे आकडी-बिकडी म्हणू नकोस. हसतात. फिट म्हणायचं. फिट आली. काय म्हणशील?”

“फिट इली.”

“इली नाही, आली. आणि साहेबाने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.”

टॅक्सीत मांडीवर तापलेली पोर घेऊन वहिनी तोंडातल्या तोंडात तो शब्द घोकत होती. फिट, फिट, फिट. देवाचं नाव घ्यावं तसा.

मुलांच्या वॉर्डात पुरुषांना बंदी होती. खाटेजवळ एकच बाई. वहिनी आणि मी पाळी लावली. ती बरेचदा राहायची, मी पेज घेऊन जायचे, तिला घरी आंघोळीला पाठवायचे आणि तेवढा वेळ बसायचे. मला ते बसणं जमत गेलं. आकडी आली की पोरीला कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ वाहू द्यायची, हात दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही. हे मला तिथल्या सिस्टरने शिकवलं. ती खोताच्या वाडीतली, जिभेने तिखट. चमच्याची हकिगत ऐकल्यावर म्हणाली, “तुज्या त्या काकूला हितं आण. तिच्या तोंडात मी चमचा घालते.” गोळी कडू होती. साखरेत चुरून दिली तरी पोर थुंकायची, मग पुन्हा चुरायची. कपाळावरच्या पट्ट्या सुकल्या की बदलायच्या. या कामात घोषणा नव्हत्या. मला घोषणांची सवय, त्यामुळे पहिले काही दिवस मी पट्ट्या बदलताना सिस्टरशी, आयाशी, भिंतीशी भांडत होते.

सकाळी मोठे डॉक्टर यायचे. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. मुलांच्या आयांनी उठून खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं असा रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. डॉक्टर मुलाकडे बघून घोळक्याशी इंग्रजीत बोलायचे. आईच्या वाट्याला एकेक शब्द यायचा. “फीव्हर?” “मोशन?” “व्हॉमिट?” आई मान हलवायची. गाडी पुढच्या खाटेवर.

आणि हे डॉक्टर होते मराठी. गिरगावात वाढलेले, दादरला बंगला बांधलेले. हे नीट लक्षात ठेवा.

एका सकाळी मी पेजेचा डबा घेऊन पोचले तर वॉर्डातली आया आमच्या खाटेची चादर ओढत होती. पोर वहिनीच्या खांद्यावर मान टाकून होती आणि वहिनी एका हाताने बोचकं बांधत होती. चेहरा फुललेला.

“वन्सं, घरी न्यावक सांगल्यान! डॉक्टर गुड म्हणालो.”

“अगो, पण काल तर आली होती आकडी!”

“आज सकाळी पण इली. मोठी. मी सांगलंय तेका.”

सांगितल्यावर सोडलं म्हणजे सोडण्यात काही अर्थ असणार, असं कुणालाही वाटेल. सिस्टर त्या दिवशी सुट्टीवर होती. विचारायचं कुणाला? आम्ही ट्रामने निघालो. पोरीने खिडकीतून एका बैलाकडे बोट दाखवलं. उजव्या हाताचं. ते मला पक्कं आठवतं, कारण तसं बोट तिने त्यानंतर फार दिवस दाखवलं नाही.

परळच्या पुढे कुठेतरी तिचे डोळे कोपऱ्यात गेले. मी तिला कुशीवर घेतलं. दर वेळी थोड्या वेळाने उतरायची ती आकडी या वेळी उतरेना. कंडक्टरने घंटा मारून ट्राम उभी केली. लोक उठले. “कांदा आहे का कुणाकडे?” असं एका गृहस्थाने विचारलंच. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. टॅक्सी करून आम्ही उलट फिरलो. वहिनी तिच्या कानाशी सारखी हाका मारत होती आणि पोरीचा उजवा हात टॅक्सीच्या दारावर आपटत होता, मी मध्ये माझा तळहात धरला तरी आपटत होता.

दरवाज्यावरचा म्हणाला, “आत्ताच सोडलं ना तुम्हाला? खाट दिली दुसऱ्याला.” मी त्याला ढकलून आत गेले. दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गादी टाकली आणि तिथे इंजेक्शन झालं. त्या औषधाचा वास इतका उग्र की अजून कुठे तसा वास आला तर मी रस्ता बदलते. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. आकडी थांबली तेव्हा पोर पांढरी पडली होती आणि तिचा उजवा हात ओल्या फडक्यासारखा गादीवरून खाली लोंबत होता. मी उचलून तिच्या पोटावर ठेवला. तो घसरून पुन्हा खाली आला.

दुसऱ्या दिवशी, रिकाम्या झालेल्या एका खाटेवर, तिने डोळे उघडले. या खेपेला तिने काहीच विचारलं नाही.

मी वहिनीला जमिनीवर माझ्यासमोर बसवलं. “वैनी, डॉक्टरने काय विचारलं? त्याचे शब्द सांग.”

“तेणी इचारल्यान, ‘फिट?’”

“मग?”

“मी म्हटलंय, ‘होय, फिट. आज सकाळी. मोठी फिट.’”

“मग?”

“तो पुढच्या खाटेकडे बघत होतो. म्हणालो, ‘गुड, व्हेरी गुड,’ आणि त्या पोरग्यांका कायतरी सांगल्यान.” ती घुटमळली. “माका वाटला, आजार भायर पडता म्हणान गुड.”

वाचकहो, समजलं ना? त्याने विचारलं, पोरगी ठणठणीत आहे का? इंग्रजीत त्याला फिट म्हणतात. तिने सांगितलं, आकडी आली. इंग्रजीत त्यालाही फिट म्हणतात. पुढचे शब्द ऐकायला साहेबाचा कान रिकामा नव्हता. आणि तो शब्द ती का बोलली? आकडी म्हटलं तर हसतील म्हणून. आपल्या आईच्या तोंडचा शब्द घरी ठेवून ती साहेबाचा शब्द घोकत आली, आणि त्या शब्दाने तिच्या पोरीला खाटेवरून उचलून ट्राममध्ये नेऊन टाकलं.

‘माका कोणी मारल्यान?’ आता मला उत्तर ठाऊक होतं.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. मागे घोळका होताच. झालं ते सांगितलं. माझा आवाज सभेतल्यासारखा लागला असावा, कारण वरच्या मजल्यावरून माणसं वाकून बघू लागली. डॉक्टर शांत. मराठी इतकी सुरेख की ऐकत राहावं.

“अहो बाई, तुमच्या वहिनींनी स्वतः सांगितलं मुलगी फिट आहे म्हणून. मी काय करणार?”

“त्यांना वाटलं तुम्ही आकडीचं विचारताय.”

“मग ‘आकडी’ म्हणायचं होतं! किती नेमका शब्द आहे आपल्याकडे. तुम्ही लोकच इंग्रजीचा सोस धरता, आणि मग मराठी मेली म्हणून मैदानात ओरडता.”

घोळका हसला. ते हसणं मी जपून ठेवलं आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा चेहरा मला आजही ओळखता येईल.

“बाकी मुलगी आता आमच्याकडेच आहे,” ते पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. “आमच्यावर विश्वास नसेल तर दुसरीकडे न्या. खाट काय, लगेच भरते.”

ही धमकी होती. गोवर आणि आकडीच्या मुलाला असं ठेवून घेणारा वॉर्ड आम्हाला परवडेल असा दुसरा नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं.

मी कचेरीत जाऊन पत्रक लिहायला बसले. नाव, बंगला, वॉर्ड, जिना, सगळं. त्याला जी विशेषणं लावली ती मास्तरांनी माझ्या आयुष्यात खोडलेली सगळी विशेषणं होती. संध्याकाळी वॉर्डात जाऊन वहिनीला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता पोरीचा उजवा पंजा चोळत होती. रोज तासन्‌तास चोळायची, तेल लावून, एकेक बोट सुटं करून.

“ह्या छापशीत?”

“छापणार.”

“आणि मग तो म्हणात, चला, उठा.” तिने वर पाहिलं. “तुका सभेत टाळये मिळतले. माका काय? माझ्या चेडवाची खाट जायत. तू काय लिवशीत ता लिव, पण तेका गाळी घालू नको. माझी शपथ आसा.”

मी पत्रक फाडलं. तिच्यासमोर फाडलं आणि तुकडे पदरात बांधले, कारण वॉर्डात कचरा टाकलेला सिस्टरला चालत नसे.

आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी मला कागद दिला. गिरगावात सभा होती, मराठीच्या हक्काची. दोन दिवसांत पत्रक हवं. अध्यक्ष कोण? आमचे डॉक्टरसाहेब.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माणूस मोठा आहे. त्याच्या नावावर पांढरपेशे येतात. घरचं भांडण चळवळीत नको आणूस.”

“नाही आणत.”

“शिव्या?”

“एकही नाही. शपथ घातलीय मला.”

मी त्यांची स्तुती लिहिली. मराठीचे कैवारी, गोरगरिबांच्या लेकरांचे कनवाळू. आणि त्यांच्या नावाखाली ठळक अक्षरांत घातलं: ‘आपल्या वॉर्डात उद्यापासून प्रत्येक मराठी आईची विचारपूस मराठीतूनच होईल, अशी घोषणा अध्यक्षमहाराज याच सभेत करणार आहेत. ती ऐकण्यासाठी माताभगिनींनी मोठ्या संख्येने यावे.’

मास्तरांनी दोनदा वाचलं. “हे कुणी सांगितलं तुला?”

“खुद्द त्यांनीच. मला म्हणाले, मराठीत बोलायला हवं होतं. जिन्यात, दहा जणांसमोर.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हसले नाहीत. फणसवाडीतल्या छापखान्याचा पत्ता माझ्या हातात देऊन म्हणाले, “स्वतः उभी राहून छापून घे. ठळक म्हणजे ठळक दिसलं पाहिजे.”

पत्रकं मी गिरगावात कमी आणि गिरणगावात जास्त वाटली. दुपारच्या पाळीच्या बायका, त्यांच्या नणंदा-जावा, ज्या ज्या घरातलं मूल कधी इस्पितळात गेलं होतं त्या सगळ्या. समोरच्या काकू सर्वांत पुढे. “घोषणा काय ती ऐकायलाच पाहिजे,” म्हणत होत्या. फिट हा शब्द कुणी शिकवला होता ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी पत्रक व्यासपीठावर बसल्यावर पाहिलं. मी खाली बायकांत बसले होते. त्यांनी ते वाचलं, उलटं करून पाठ पाहिली, पुन्हा वाचलं, शेजारी बसलेल्या मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तरांनी ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे सरकवला. भाषण सुरू झालं. भाषेची थोरवी झाली, संतांची झाली, शब्दसंपत्तीची झाली. घोषणेचं नाव नाही. तेवढ्यात काकू उठल्या आणि लुगडं सावरत ओरडल्या, “ओ डॉक्टर! ते वॉर्डाचं सांगा की! आम्ही लालबागवरून चालत आलोय!”

मग सगळा बायकांचा घोळका. “सांगा! सांगा!”

आणि त्याने सांगितलं. काय थाटात सांगितलं! आपल्या मनात हे कित्येक दिवस घोळत होतं म्हणाला. टाळ्या थांबेनात. हार आणखी एक पडला. मी तिथे बसून दातओठ खात होते. सूड घ्यायला गेले आणि त्या माणसाला आयुष्यातली सर्वांत मोठी टाळी मी मिळवून दिली. घरी येताना काकू म्हणाल्या, “पण माणूस चांगला आहे हो.”

दुसऱ्या सकाळी मी वॉर्डात थांबून राहिले. सिस्टरने मला बाहेर काढायला हवं होतं. ती कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत बसली. बातमी वॉर्डात आधीच पोचली होती. मुलांच्या आया रोज पायथ्याशी उभ्या राहायच्या तशा उभ्या होत्या, पण रोज माना खाली असायच्या. आज सगळ्यांचे डोळे दारावर.

डॉक्टर आले. पहिल्या खाटेशी अडखळले, घसा साफ केला, “ताप आहे का?” म्हणाले. दुसरीकडे “जुलाब?” घोळक्यातला एक जण हसू दाबत होता. आज त्यांना हसत होता, आम्हाला नाही. मग आमची खाट. मला बघून ते थबकले.

“पत्रक तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“छान लिहिता.” मग घोळक्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यातला ‘डिस्चार्ज’ मला कळला. वहिनीलाही कळला. तिचा तेलकट हात पोरीच्या पंजावर तसाच थांबला.

“आधी विचारा,” मी म्हणाले. “काल कबूल केलंत.”

सगळा वॉर्ड ऐकत होता. त्यांनी ओठ आवळले, आणि वहिनीकडे न बघता घाईने म्हणाले, “बाई, मुलीला आकडी आली का?”

वहिनी उभी होती. माझी वहिनी सासऱ्यापुढे कधी मोठ्याने बोलली नाही, काकूंपुढेही नाही. ती म्हणाली, “आयकाक येवक नाय. परत इचारा.”



त्यांनी परत विचारलं. या खेपेला तिच्याकडे बघून, एकेक अक्षर सुटं करून.

“इली,” वहिनी म्हणाली. “काल दुपारी इली, आज पहाटे इली. डोळे ह्या अंगाक जातत. आणि तुम्ही घरी धाडलास त्या दिवसापासून ह्यो हात उचलूक जमना नाय. हेंका सांगा लिवक. मी बोलतंय ता सगळा लिवक सांगा.” आणि ती बोलत राहिली. ट्राम, टॅक्सी, दरवाजा, फरशी, सगळं, मालवणीत, सावकाश. एकदा त्यांनी पुढे सरकायला पाऊल उचललं. “थांबा, माझा झाला नाय,” ती म्हणाली. ते थांबले. सिस्टर कपाटातून तोंड बाहेर काढून बघत होती.

तिचं बोलून संपलं तेव्हा ते घोळक्याला म्हणाले, “राहू दे. हिला राहू दे.” मराठीत म्हणाले.

पोर पुढे बरेच दिवस तिथे राहिली. ताप गेला, आकड्या विरळ झाल्या, हात निम्मा परत आला. निम्माच. आता राज्य मिळालंय, पेढे वाटून झालेत, आणि ती पाटीवर डाव्या हाताने मुळाक्षरं गिरवते. शाळेतल्या बाई म्हणतात, उजव्याने लिही. त्या बाईंना भेटायला मी उद्या जाणार आहे.